कोंडिबाच्या जीपची दारं

आज सकाळी माझ्या गाडीचं दार उघडलं नाही. किल्ली फिरली, आतला खटका वर आला, पण दार काही जागचं हललं नाही. आणि मी पहिली गोष्ट काय केली, तर मान वळवून शेजारच्या घराकडे बघितलं. काल संध्याकाळी शेजारी नळी लावून मोटारसायकल धूत होते. ते पाणी माझ्या गाडीवर उडालं असणार, आणि मुद्दाम उडवलेलं असणार, अशी दोन मिनिटं माझी खात्रीच होती. मग टपावरून बोट फिरवलं. सगळी गाडीच दवाने निथळत होती. शेजाऱ्यांची मोटारसायकल ओली, तारेवर विसरलेला टॉवेल ओला, पपईची पानं ओली. एवढं दव एकटे शेजारी पाडू शकत नाहीत, हे मलाही मान्य करावं लागलं.

गाडीची दारं गोठून बसणं हे तसं बर्फाच्या मुलखातलं दुखणं. आमच्या वसमतला बर्फ दिसतो तो फक्त रसवंतीवर, भुश्यात पुरलेला. पण मार्गशीर्ष उतरणीला लागला की कालव्याला पाणी सुटतं, ऊस-हळदीची रानं भिजतात, आणि पहाटे त्या ओल्या रानांतून धुकं उठून गावात शिरतं. साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास त्या धुक्यात अडकून राहतो. उसाच्या ट्रॉल्या समोरून येतात तेव्हा आधी टेपवरचं गाणं ऐकू येतं आणि मग दिवे दिसतात. अशा रात्री दारांची रबरं दवात भिजतात, थंडीने आखडतात आणि सकाळी पत्र्याला धरून बसतात. आमच्याकडे दारं गोठत नाहीत, चिकटतात. उघडत नाहीत एवढं मात्र दोन्हीकडे सारखंच.

लोकांना हिवाळा आवडतो. हुरडा, तुरीच्या शेंगा, कोवळं ऊन, शेकोटी. मला या ऋतूचा भरवसा वाटत नाही. उन्हाळ्यात माणूस कसा उघड असतो. घामेजतो, चिडतो, बोलून मोकळा होतो. हिवाळ्यात सगळे गुंडाळलेले. मफलरीतून नुसते डोळे दिसतात आणि हात शालीत असतात. शालीतल्या हातात काय आहे, ते कळायला मार्ग नसतो.

हा स्वभाव मला नोकरीने दिला, असं मी सांगतो. बायकोचं म्हणणं, तो आधीपासूनच होता, नोकरीने त्याला पगार दिला. मी मास्तर होतो. सायन्स शिकवायचो, आणि दहावीच्या परीक्षेला सुपरवायझर म्हणून उभा राहायचो. कॉपी पकडण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. बाहीत, पायमोज्यात, पट्टीच्या मागे, एकाने तर भाकरीच्या घडीत घालून आणलेली चिठ्ठीही मी हुडकली होती. परीक्षेच्या दिवसांत या गुणाचं कौतुक व्हायचं, आणि बाकीचं वर्षभर तोच गुण घरादाराला नको व्हायचा. “दुधात पाणी आहे का ते बघायचं सोडून तुम्ही म्हशीलाच खोटी ठरवता,” असं बायको म्हणायची. म्हैस मी पाहिलेली होती. तिच्या नजरेत काहीतरी होतंच.

कोंडिबाच्या जीपचा हिवाळा म्हणजे नव्वदच्या दशकातला. आम्ही तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतो, हिंगोली वेगळा व्हायचा होता. शाळा शिरड शहापूरला आणि राहणं वसमतला. मास्तर लोकांच्या या रोजच्या येण्याजाण्याला आमच्याकडे अप-डाऊन म्हणतात. एसटीचा नेम नसायचा, म्हणून आम्ही सात-आठ जणांनी मिळून एक जीप महिन्यावर ठरवली होती. या गोष्टीत त्यातल्या तिघांचंच काम आहे. एक देशमुख सर. वयाने आणि नोकरीने सगळ्यांत मोठे, मराठी शिकवायचे, गळ्यात तुळशीची माळ, आणि पुढची जागा त्यांचीच. दुसऱ्या गणिताच्या सुमनबाई. त्यांना कानाला वारं लागलेलं चालायचं नाही. आणि तिसरा मी.

जीपवाला कोंडिबा. चाळिशीतला, काटक, शिरडच्याच धनगराच्या घरातला. भाऊ मेंढरं राखायचा आणि हा कुठल्याशा कंत्राटदाराच्या ट्रॅक्टरवर शिकून ड्रायव्हर झाला होता. ही जुनी जीप त्याने सरकारी लिलावात घेतली होती. आम्हाला न्यायला सोपं जावं म्हणून तो वसमतला कालव्याच्या कडेला एक खोली घेऊन राहत होता. बोलणं फार कमी. मेंढरांच्या मागे वाढलेला माणूस, एक हाक मारायची, एक शीळ घालायची, की दिवसभराचं बोलणं झालं. अशा गप्प माणसाचा मला फार संशय यायचा. वर्गातही जो मुलगा गप्प असतो, त्याच्याच बाकाखाली मी आधी बघायचो.

जीपला मुळात दारं नव्हतीच, ताडपत्रीचे पडदे होते. सुमनबाईंच्या कानासाठी आम्ही दारांचा आग्रह धरला. कोंडिबाने वेल्डरकडून पत्र्याची दोन दारं करून घेतली. एक पुढे डावीकडे, देशमुख सरांसाठी, आणि एक मागे, बाकीच्यांसाठी. त्यांना सरकत्या काचा बसवल्या, आणि वारं आत येऊ नये म्हणून कडेने ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवल्या. स्वतःच्या बाजूला मात्र त्याने दार लावलं नाही. तिथे नुसती साखळी. “मला वाऱ्याची सवय हाय,” तो म्हणाला. यातही मला डाव दिसला. गाडी कुठे कलंडली तर पहिली उडी मारायला बरं, असं मी सुमनबाईंच्या कानात सांगितलं. दुखऱ्या कानात सांगितलं, त्यामुळे त्यांनी ते कितपत ऐकलं देव जाणे.

थंडी पडली आणि ती दारं चिकटायला लागली. स्टँडसमोर आम्ही सगळे डबे घेऊन उभे, जीप समोर उभी, आणि आत जाता येत नाही. देशमुख सर ड्रायव्हरच्या बाजूने कसेबसे सरकून बसायचे, पण लुगड्यातल्या सुमनबाईंनी गिअरच्या दांड्यावरून मागे कसं जायचं? शिरडला हेडमास्तर मस्टर घेऊन बसलेले असायचे आणि उशीर झाला की लाल शाई. मग उपाय सुरू झाले. सुमनबाईंनी पावडरचा डबा दिला, ती दवाने कालवली जाऊन रबरावर पिठल्याचा लगदा झाला. चहावाल्याच्या किटलीतलं गरम पाणी ओतलं, दार लगेच उघडलं, पण ते पाणी फटीत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट चिकटलं. काचेच्या खाचेत मी मेणबत्ती घासली, ती तेवढी लागू पडली. वर्तमानपत्राचे कागद दारात घालून बघितले, तर सकाळी दारावर कालच्या बातम्या उलट्या उमटलेल्या. देशमुख सरांनी त्या तशाच उभ्या उभ्या वाचायचा प्रयत्न केला.

आणि मग एके दिवशी दारं उघडली. दुसऱ्या दिवशीही उघडली. पुढचे आठ-दहा दिवस मूठ धरली की दार उघडायचं. बाकीचे मुकाट्याने चढून बसायचे. माझं मात्र डोकं चालायला लागलं. काल अडत होतं ते आज का अडत नाही? नापास होणारं पोरगं एकदम ऐंशी मार्क घेतं, तेव्हा मास्तर पेढा खात नाही, पेपर पुन्हा काढून बघतो. त्यात जीपमध्ये वास यायला लागला होता. ओल्या मेंढराचा, उग्र. देशमुख सर नाकाला उपरणं लावून बसायचे.

मी एका पहाटे फिरायला जाण्याचं निमित्त करून कालव्याकडे गेलो. काय बघायला गेलो होतो ते मला नीट सांगता येणार नाही. काहीतरी सापडणार एवढी खात्री होती. बाभळीच्या आड थांबलो. तांबडं फुटत होतं, कालव्याच्या पाण्यावरून वाफ उठत होती. कोंडिबा खोलीतून आला. अंगात नुसता सदरा, डोक्याला उपरणं. जीपच्या टपावरून दोन्ही दारांवर एक काळी घोंगडी पसरलेली होती. ती त्याने ओढून काढली, दव झटकलं, खांद्यावर टाकली, आणि कुडकुडत दाराची कड फडक्याने पुसायला लागला. रात्री अंगावर घ्यायची त्याची घोंगडी ती. आमच्या दारांना दव लागू नये म्हणून तो स्वतः उघडा निजत होता. आज मला हे असं दिसतं. त्या पहाटे मला एवढंच दिसलं की हा माणूस रात्रभर जीप झाकून ठेवतो, आणि झाकतो त्या अर्थी काहीतरी लपवतो.

त्याच दिवशी मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, “कोंडिबा, घोंगडी टाकू नकोस. देशमुख सरांना वासाची तकलीफ होते.” आणि घरून आणलेली खोबरेल तेलाची बाटली त्याच्या हातात दिली. “हे रोज संध्याकाळी रबराला चोळ. चिकटणार नाही.” त्याने बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“खोबऱ्याचं त्याल, सर?”

“हो. शास्त्रीय उपाय आहे.”

“बराबर,” तो म्हणाला, आणि बाटली सीटखाली ठेवली.

तुम्ही वाचता वाचता हसला असाल. खोबरेल थंडीत थिजतं, हे शेंबडं पोरही सांगेल. मला का सुचलं नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मी वर्गात पदार्थाच्या तीन अवस्था शिकवायचो त्या पुस्तकातल्या. बर्फ, पाणी, वाफ. खोबरेलाचं उदाहरण पुस्तकात नव्हतं. आणि घरात मला तेल कायम पातळच मिळायचं. बायको सकाळी बाटली स्टोव्हजवळ ठेवायची, तेल विरघळायचं, मग मी उठायचो. इतक्या हिवाळ्यांत मी हे कधी बघितलंच नव्हतं. संशयी माणसाला वाटतं की आपलं सगळीकडे लक्ष असतं.

पौषातली ती सकाळ. धुकं इतकं की स्टँडसमोरचा चहावाला दिसत नव्हता, नुसता त्याच्या स्टोव्हचा आवाज येत होता. जीप आली. पुढचं दार उघडेना, मागचंही उघडेना. कोंडिबाने आतून लाथ घातली, मी बाहेरून ओढलं. शेवटी देशमुख सरांनी दोन्ही हातांनी मूठ धरून हिसका दिला. दार उघडलं, आणि रबराची अख्खी पट्टी सुटून त्यांच्या हातात आली. पट्टीच्या घडीत पांढरं, घट्ट काहीतरी बसलेलं होतं. ते त्यांच्या बोटांना लागलं. त्यांनी बोटं नाकाशी नेली आणि त्यांचा चेहरा बदलला.

“हे काय लावून ठेवलंस, कोंडिबा?”

“खोबऱ्याचं त्याल हाय, सर.”

“खोबऱ्याचं? याला तर मेंढराचा वास येऊन राहिला. चरबी हाय ही.”

“न्हाई सर. माळ घातलेल्या मानसाच्या गाडीला म्या चरबी लावीन का? या सरांनीच बाटली दिल्ती. इचारा त्यायला.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कोंडिबाही बघत होता. त्याच्या डोळ्यांत भीती नव्हती, हे मला आजही आठवतं. साक्षीदार समोरच उभा होता, मग त्याने कशाला भ्यावं?

“मी दिलं ते तेल होतं,” मी म्हणालो. “तेल पातळ असतं.”

“थंडीनं, सर, थंडीनं ते...”

“थंडीचं निमित्त सांगू नको,” देशमुख सर म्हणाले. त्यांनी वाटेवरची माती घेऊन हात घासले, चहावाल्याकडून पाणी घेऊन धुतले, पुन्हा माती घेतली. सुमनबाई स्कार्फची गाठ सारखी करत खाली बघत उभ्या होत्या. आम्ही त्या दिवशी एसटीने गेलो. वळून बघितलं तेव्हा कोंडिबा ती पट्टी पुन्हा दाराला चिकटवत होता.

मी खोटं बोललो नव्हतो. मी दिलं ते तेलच होतं, आणि मला माहीत होतं तेवढ्यापुरतं तेल पातळच असतं. माझा मनापासून विश्वास होता की त्याने तेल घरी नेलं आणि दाराला चरबी फासली. घोंगडीचा वास मला माहीत होता, घोंगडी मी डोळ्यांनी बघितली होती, पण त्या क्षणी ती आठवली नाही. संशय आला की माणूस हवं तेवढंच जोडत जातो आणि बाकीचं सोडून देतो. साप म्हणून भुई धोपटणाऱ्याला भुईचं काय होतं ते दिसत नाही.

दुसऱ्या दिवसापासून कोंडिबा बंद, आणि वेगळ्याच माणसाची नवी जीप. खरंच नवी होती. फोमच्या गाद्या, कारखान्यात बसवलेली दारं, बोटाने ढकललं तरी उघडावीत अशी. सुमनबाई पहिल्यांदाच स्कार्फ न बांधता बसल्या. देशमुख सर डुलकी घ्यायला लागले. हेडमास्तरांची लाल शाई आमच्यापुरती वाळून गेली.

चार-पाच दिवसांनी मी सातवीच्या वर्गात द्रवाचा स्थायू होतो ते शिकवत होतो. म्हटलं, उदाहरण सांगा. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. “खोबऱ्याचं त्याल, सर. थंडीत दगडावानी होतंय. माय चुलीपाशी ठिवती बाटली.” सगळा वर्ग माना हलवायला लागला. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? हिला कोंडिबाने पढवून पाठवलं असणार. गाव त्याचंच, पोरं त्याच्याच गल्लीतली. मी तिला खाली बसवलं आणि तास संपेपर्यंत बर्फावरच बोलत राहिलो.

बायको त्या आठवड्यात भावाकडे पूर्णेला गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फडताळातली बाटली काढली आणि उपडी केली. काही पडलं नाही. काडीपेटीतली काडी घालून उकरलं, तर पांढरा, घट्ट गोळा बाहेर आला. बोटावर घेतला आणि उजेडात धरला. त्या पट्टीवर होतं ते अगदी हेच. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण वळसा मी घातला होता आणि पाय कोंडिबाचे मोडले होते. मला लाज वाटली. इतकी की घरात कोणी नसतानाही मी ती बाटली पटकन बंद केली.

सांगायला हवं होतं. त्याच दिवशी, नव्या जीपमध्ये बसल्या बसल्या. चार शब्द होते. पण सायन्सच्या मास्तरला खोबरेल थिजतं हे माहीत नाही, हे सातजणांसमोर कसं सांगायचं? उद्या सांगू म्हटलं. उद्या धुकं होतं, देशमुख सर झोपलेले होते. परवा सुमनबाईंच्या घरची काहीतरी अडचण निघाली. संक्रांत आली, तिळगूळ वाटून झाला, गोड बोला असं सगळे एकमेकांना म्हणाले, आणि मी गप्प राहिलो.

तोवर कोंडिबाला स्टँडवर नाव पडलं होतं, चरबीवाला. अप-डाऊन करणारे दुसऱ्या गावांचे मास्तर, ग्रामसेवक, कोणी त्याची जीप ठरवेना. माळकरी तर जवळही उभे राहीनात. त्याला दुसरी भाडी मिळेनात, तेव्हा त्याने जीपची ती दोन्ही दारं काढून टाकली आणि बाजाराच्या दिवशी शेळ्या-मेंढ्या वाहायला लागला. मग तर काय, जीपला खरोखरच मेंढरांचा वास यायला लागला. “बघा, म्हणलं नव्हतं?” लोक एकमेकांना सांगायचे. खोटा आळ असाच खरा होतो. त्या जूनमध्ये माझी बदली झाली आणि शिरडची वाट सुटली. जीप भंगारात गेल्याचं नंतर कोणीतरी सांगितलं.

आज सकाळी मी दाराशी झटत उभा होतो, तेव्हा बायकोने खिडकीतून विचारलं, “गरम पाणी देऊ का?” मी नको म्हणालो. दाराच्या फटीवर हाताने सगळीकडून हळूहळू दाबत गेलो. रबराने पकड सोडली, दार उघडलं. मग कोरडं फडकं घेऊन कड पुसत बसलो. हे मला कोंडिबाने शिकवलं. गेल्या हिवाळ्यात.

औंढ्याला एका लग्नाला निघालो होतो. शिरडच्या अलीकडे मेंढरं आडवी आली. बसून राहिलो, तर कळपामागून काठी टेकत येणारा माणूस ओळखीचा वाटला. काच खाली करायला गेलो, ती थंडीने अडकलेली. दार ढकलून उतरलो. कोंडिबाच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. खांद्यावर घोंगडी होती, तीच की दुसरी ते कळायला मार्ग नव्हता.

“ओळखलं का, कोंडिबा?”

“वळखलं की. सायन्सचे सर.”

पोराबाळांचं विचारून झालं. मेंढरं रस्ता सोडून रानात उतरली. आता तो निघणार, असं दिसल्यावर मी म्हणालो, “ते खोबरेलच होतं, कोंडिबा.”

कोणतं, कधीचं, असं त्याने विचारलं नाही. इतक्या वर्षांत ते त्याच्याही मनातून हललेलं नव्हतं.

“व्हय,” तो म्हणाला. “म्याच लावलं होतं की.”

“थंडीने थिजलं होतं.”

“थिजतंच ते. लेकरायलाबी ठाऊक हाय.”

“मग तू लावलंस काहून?”

“तुमी दिलं म्हून.” त्याने माझ्या गाडीच्या दारावरून हात फिरवला. “सायन्सचं मानूस सांगून राहिलंय. मला वाटलं, दाराला थिजत नसंल.”

तो वाकून रबर बघत होता. “याला काई लावायचं नसतंय, सर. सांजच्याला कोरड्या फडक्यानं पुसायचं, आन् वरून घोंगडं टाकायचं. दवच बसलं न्हाई तर चिकटंल कशाला? तुमी त्याल देण्याच्या आधी आठ-धा दिस दारं बराबर उघडत होती न्हवं?”

“चुकलं माझं,” मी म्हणालो. “तुला सांगायचं राहून गेलं होतं.”

तो सरळ उभा राहिला. चिडला नव्हता. एखाद्याने चुकीच्या घरी पत्र टाकावं आणि घरमालकाने ते परत द्यावं, तसं तो म्हणाला, “पर मला काहून सांगून राहिले? मला तं ठाऊकच होतं. ज्यायला ठाऊक न्हाई त्यायला सांगा.” आणि शीळ घालत मेंढरांमागे गेला.

या गोष्टीला वर्ष झालं. देशमुख सर निवृत्त होऊन वसमतलाच आहेत, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. वर्षभरात मी त्या गल्लीतून कितीतरी वेळा गेलो. कधी ते झोपलेले असतील असं वाटायचं, कधी घरात पाहुणे असतील. आज दार उघडल्यावर गाडीत बसलो, आणि पुन्हा उतरलो. गाडी तिथेच ठेवून चालत गेलो.

ते अंगणात खुर्ची टाकून ऊन खात बसले होते. शाल, कानटोपी, गळ्यात तीच माळ. मी समोरच्या ओट्यावर बसलो आणि इकडचं तिकडचं न बोलता सांगून टाकलं. बाटली मी दिली होती. ते खोबरेल होतं. मला चार-पाच दिवसांतच कळलं होतं आणि मी गप्प बसलो. कोंडिबाने चरबी लावली नव्हती.

देशमुख सरांनी कानटोपी वर सारून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, माती घासून घासून धुतलेले ते हात त्यांना आठवत असतील. रागावतील, निदान हळहळतील.

“आमच्या घरी काय डोक्याला दुसरं काही लावतेत का, मास्तर?” ते म्हणाले.

मला कळेना.

“दुसऱ्याच दिवशी आंघोळीच्या वेळेस बाटली हातात घेतली आन् कळलं मला. सुमनबाईनं तर नव्या जीपमध्ये चढता चढता म्हणलं होतं, सर, ते खोबरेलच असंल हो.”

“मग तुम्ही काही बोलला नाहीत?”

“बाटली तुमी दिल्ती. तुमी बोलाल म्हणून वाट बघितली.” त्यांनी शाल सारखी केली. ऊन पायांवरून सरकलं होतं, तशी खुर्चीही थोडी पुढे ओढली. “आन् खरं सांगू का मास्तर, त्या नव्या जीपची दारं बरी उघडत होती.”

जूनपर्यंत मीही त्याच दारांतून चढलो-उतरलो होतो.